तिसऱ्या मताची जागा

२ मार्च, सोमवार

वही नवी, पेन जुनं आणि मी हवेत. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या रक्तकेंद्राच्या संचालकांनी, खोलीत बोलावलं. टेबलावर एका कंपनीचं चकचकीत पत्रक पडलेलं. तयार प्रणाली, सगळी माहिती त्यांच्या मशीनवर, आपल्याकडे फक्त पासवर्ड. बोलता बोलता मी ते पत्रक उलटं करून ठेवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं.

आमच्या नोंदवहीवर नऊ हॉस्पिटलं चालतात. रक्ताची कुठली पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये आहे, कुठल्या गटाची, कधीपर्यंत चालेल, कुणाच्या नावाने राखलीय, हे सगळं माझ्या खोलीतल्या एका मशीनवर. डेटाबेस पोस्टग्रेस, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि कुणालाही वापरायला खुला. त्याच्या चिन्हात हत्ती आहे, म्हणून मी त्याला हत्तीच म्हणते. हत्ती दमदार आहे, पण एकटा आहे.

"हे मशीन पडलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडलं तर दुसरं उभं राहील अशी व्यवस्था करते. मला तीन आठवडे द्या."

"वीस तारखेला मी स्वतः तुमच्या खोलीची वीज घालवणार. एका मिनिटात काउंटरवरून पिशवी राखता आली तर नोंदवही तुमच्याकडे राहील. नाही आली तर या लोकांना फोन करायचा."

मी "चालेल" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात थांबून एकटीच हसले. बारा वर्षं जी नोंदवही सांभाळली ती अशी पत्रकवाल्यांच्या घशात जाऊ देईन होय.

डॉक्टर घाबरतात त्याला कारणही आहे. तीन वर्षांपूर्वी मशीनची डिस्क मेली आणि बॅकअप उघडला तर आत काही नाही. चार दिवस फ्रिज उघडून हाताने पिशव्या मोजल्या. तेव्हा या खोलीत आम्ही दोघी होतो, मी आणि ताई. माझी सख्खी बहीण, आणि विभागाची प्रमुखही. बॅकअप तपासला गेला नव्हता, त्याची जबाबदारी ताईची असं चौकशीत ठरलं. तिने राजीनामा दिला. आता ती डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोंदी सांभाळते. आमचं बोलणं नाही. ते पुन्हा कधीतरी.

४ मार्च, बुधवार

दोन दिवस नुसतं वाचतेय. एका हत्तीचे दोन करायच्या इतक्या तऱ्हा आहेत की एक ना धड, भाराभर चिंध्या व्हायची पाळी. सगळी नोंदवही जशीच्या तशी दुसरीकडे उतरवायची ही एक तऱ्हा. हवे तेवढेच तक्ते पाठवायचे ही दुसरी. तिसरी सगळ्यात देखणी, दोन्ही मशीनना लिहायचा सारखाच अधिकार. तिच्यावर माझा अर्धा दिवस जीव जडला होता. मग काउंटरबाईंना सांगून पाहिलं. काउंटरबाई म्हणजे पिशव्या देणाऱ्या आमच्या जुन्या तंत्रज्ञ. अख्ख्या केंद्रात मी घाबरते ती फक्त त्यांना.

त्या म्हणाल्या, "म्हणजे एकच पिशवी इकडून एकाला नि तिकडून दुसऱ्याला दिली जाईल का?"

"एखाद्या वेळी. मग नंतर जुळवून घेता येतं."

"नंतर? पिशवी चढवून झाल्यावर काय जुळवणार?"

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ते उगाच नाही. पहिली तऱ्हा पक्की केली. एक मुख्य, तोच लिहील. एक सावली, ती त्याच्या मागोमाग उतरवून घेईल. मुख्य पडला की सावली मुख्य होईल. सावलीचं मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या हॉस्पिटलात ठेवतेय.

५ मार्च, गुरुवार

काल घरी आईला सगळं सांगितलं. तिला काय कळणार, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. आता कंबरेमुळे फार उठबस जमत नाही. दुपारी चारला ताईचा फोन येतो, तेवढाच तिला विरंगुळा. संध्याकाळी माझी बडबड ऐकते आणि मान हलवते.

६ मार्च, शुक्रवार

आमची आई म्हणजे अजब बाई आहे. काल मी घरी पोचले तेव्हा ती चष्मा लावून एका पाकिटाच्या पाठीवरचं काहीतरी वाचत होती, सामानाची यादी असावी. मला पाहून पाकीट मांडीखाली सरकवलं आणि म्हणाली, "काय गं, काउंटरवर नोंद केली की ते पहिलं मशीन 'झालं' असं कधी सांगतं? दुसऱ्याने लिहून घेतल्यावर, की त्याच्या आधीच?"

माझ्या हातातला कप हातातच राहिला. वेग मिळावा म्हणून मी 'आधीच' ठेवलं होतं. मुख्य लगेच "झालं" म्हणतो आणि सावली मागून क्षणभराने उतरवते. त्या क्षणात मुख्य मेला तर ती नोंद गेली. काउंटरबाईंना वाटणार पिशवी राखली, आणि सावलीला त्याचा पत्ताच नसणार.

"आई, हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं आपलं. शिवताना नाही का, माप वहीत लिहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला जा म्हणत नसे."

आज सकाळी बदललं. आता सावलीने लिहून घेतल्यावरच मुख्य "झालं" म्हणतो. नोंदीला डोळ्याचं पातं लवेल इतकाच उशीर होतो. शिकली असती तर आई कुठल्या कुठे गेली असती.

७ मार्च, शनिवार

चाललं. इथे एक खोटी पिशवी नोंदवली, गट ओ, आणि फोनवर मुलांच्या हॉस्पिटलातल्या माणसाला म्हटलं, बघा. तो म्हणाला, "आली." पुसली. तो म्हणाला, "गेली." असं आम्ही बावीस वेळा केलं. बाविसाव्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, मला कामं आहेत." मला मात्र थांबवत नव्हतं. चाळिशी उलटून गेली तरी अशा गोष्टीने मला पोरीसारखं उड्या मारावंसं वाटतं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

९ मार्च, सोमवार

आज तिसऱ्याची गोष्ट. मुख्य पडला हे ठरवायचं कुणी? सावलीला मुख्याचा आवाज येत नाही, याचा अर्थ तो मेला असाही असेल आणि मधली लाइन तुटली असाही. लाइन तुटलेली असताना सावली मुख्य होऊन बसली तर दोन मुख्य, आणि मग काउंटरबाईंची ती एक पिशवी दोघांना. म्हणून तिसरं छोटं मशीन, ज्यात नोंदवही नाही, फक्त मत आहे. मी त्याला पंच म्हणते. तिघांपैकी दोघांचं मत पडेल तो मुख्य. एकटा पडेल त्याने गप्प बसायचं.

पंच बुटाच्या खोक्याएवढा आहे. माझ्या टेबलाखाली पाय ठेवायच्या पाटाशेजारी बसवला. मुख्य समोरच्या कपाटात. दोघे डोळ्यांसमोर असलेले बरे.

१० मार्च, मंगळवार

आईने विचारलं, "तिसरं कुठे ठेवलंस?"

"माझ्या टेबलाखाली."

"पहिल्याच्याच खोलीत? मग खोलीची वीज गेली की दोन मतं एकदम गेली ना? ती लांबची एकटी काय करील?"

मी जरा चिडलेच. तिला समजावलं की दोन्ही मशीनचे प्लग वेगवेगळे आहेत आणि मध्ये बॅटरी आहे. ती म्हणाली, "बरं बाई," आणि पाकीट शोधायला लागली. आता यादीत तरी काय राहिलं असेल.

आमचे वीजवाले, ज्यांना सगळे फ्यूजकाका म्हणतात, ते आज खोली बघून गेले. टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हा ठोकळा दुसऱ्या इमारतीत नाही का ठेवता येत? डोळ्यांच्या हॉस्पिटलात छान खोली आहे. तुमच्या ताईच आहेत ना तिथे?"

मी म्हटलं, तिथली लाइन कशी असेल कोण जाणे. शिवाय तिथे धूळ फार असते. शिवाय एवढ्याशा खोक्यासाठी दुसऱ्या संस्थेची परवानगी, पत्रव्यवहार, कशाला. काका म्हणाले, "डोळ्यांच्या हॉस्पिटलात धूळ?" आणि शिडी उचलून गेले.

१२ मार्च, गुरुवार

डबा तसाच आहे, खावंसं वाटत नाही.

आज रंगीत तालीम घेतली. सकाळी अकरा वाजता, काउंटरबाईंना सांगून, फ्यूजकाकांनी माझ्या खोलीचा मुख्य खटका पाडला. मी घड्याळ हातात धरून काउंटरशी उभी. दहा सेकंद, वीस, साठ. तिसाव्यानंतर काउंटरच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. बॅटरीने तीस सेकंदं तग धरला आणि मान टाकली. दोन प्लग वेगळे होते, पण बॅटरी एकच होती, आणि तीही म्हातारी. मुख्य गेला, त्याच्याबरोबर पंचही गेला. मुलांच्या हॉस्पिटलातली सावली धडधाकट होती, पूर्ण नोंदवही पोटात घेऊन बसली होती. पण एकटी. मीच तिला शिकवलंय, एकटी पडलीस तर गप्प बस. ती गप्प बसली.

त्याच वेळी काउंटरचा फोन वाजला. बाळंतपण, रक्त थांबत नाही, बी निगेटिव्ह हवंय. तो गट मुळात दुर्मीळ. काउंटरबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चार फ्रिज उघडले, पिशव्या हातात घेऊन चिठ्ठ्या वाचल्या, चौथ्यात सापडली, तारीख तपासली आणि गाडीवाल्याच्या हातात दिली. मग हात पुसत आल्या.

"मिळाली म्हणून ठीक," त्या म्हणाल्या. "तुमचा खेळ झाला का?"

सगळं पूर्ववत व्हायला अकरा मिनिटं लागली. बाई आणि बाळ दोघं ठीक आहेत, मी दुपारी दोनदा फोन करून विचारलं. आईने दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं. दहावी न झालेल्या माझ्या आईला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर येऊन यादी केली. पंच ठेवायला कुलूपबंद खोली हवी, वेगळी वीज हवी आणि सही करून जबाबदारी घेणारं माणूस हवं. हा डॉक्टरांचा नियम, आणि योग्यच आहे. नऊ हॉस्पिटलांपैकी अशा जागा दोनच. मुलांच्या हॉस्पिटलात सावली आधीच आहे. दुसरी जागा डोळ्यांचं हॉस्पिटल.

धूळबीळ काही नाही. मला ताईसमोर उभं राहायचं नाही, एवढंच आहे. दहा तारखेला हे लिहिलं असतं तर काल ती वेळ आली नसती.

लिहायला घेतलंच आहे तर पुढचंही लिहिते. दर सोमवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा आणि भिंतीवरच्या यादीत खूण करायची. एक सोमवार ताई, एक सोमवार मी. डिस्क मेली त्याच्या आदल्या सोमवारी पाळी माझी होती. आई कंबर मोडून हॉस्पिटलात होती, मला दुपारी तिच्याकडे पळायचं होतं. मी न उघडता खूण केली. यादीत सही नसते, नुसती खूण असते.

चौकशीत डॉक्टरांनी मला विचारलं, "यादी कोण बघतं?" मी म्हटलं, "यादी ताईकडे असते." वाक्य खरं होतं. प्रमुख तीच होती. मी पुढे काही बोलले नाही आणि तीही बोलली नाही. मला वाटलं तिला माहीत नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग तिचे फोन यायला लागले. पहिले दोन मी उचलले नाहीत. तिसरा आला नाही. लोकांना वाटतं ताई माझ्याशी बोलत नाही.

१४ मार्च, शनिवार

गेले होते. आधी पत्र लिहावं असं वाटत होतं, पण सहा दिवसांत काय पत्र आणि काय उत्तर. पंच पिशवीत घालून निघाले, बस थांब्यावर तीन बसेस सोडल्या आणि चौथीत बसले.

ताईची खोली तळमजल्यावर आहे. लांबट, स्वच्छ, एका भिंतीला कपाटं, एका खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. ती मशीनमागची वायर बघत जमिनीवर बसली होती. केस बरेच पांढरे झालेत. मला बघून उठली नाही.

"पंच आणलास का?" म्हणाली.

"कसला पंच?"

"तुझा. टेबलाखालचा."

"तुला काय माहीत?"

"आई सांगते ना." तिने हात झटकले. "ठेव त्या कोपऱ्यात. तिथला प्लग जनरेटरवर आहे. सही कुठे करायची?"

काही अट नाही, टोमणा नाही. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने विचारलं, "आणि मुख्य मेल्यावर ती सावली 'झालं' कुणाला विचारून म्हणणार?"

"म्हणजे?"

"तू नियम केलास ना, दुसऱ्याने लिहून घेतल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. मुख्य गेला, सावली मुख्य झाली. आता तिच्यामागे लिहून घ्यायला कोण आहे? ती पहिल्याच नोंदीला वाट बघत बसेल. तुझं एक मिनिट काय, दिवस जाईल."

मी खुर्चीत बसले. वीस तारखेला पंच योग्य जागी असता आणि सावली मुख्य झाली असती, तरी काउंटरवर तेच चक्र फिरत राहिलं असतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघी एका कागदावर खरडत होतो. तिने बाण काढायचा, मी खोडायचा, मी काढायचा, तिने खोडायचा. शेवटी ठरलं की पंचाचं मत मिळालं पण लिहून घ्यायला दुसरं कुणी उरलं नसेल तर एकट्याने लिहावं, पण त्याच क्षणी माझ्या फोनवर घंटा वाजावी. तीन वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती. तिलाही आली, कारण ती पेन्सिल दातात धरायला लागली होती.

निघताना मी म्हटलं, "ताई, त्या सोमवारचं..."

"तिकडे पंच दिसायला लागला की फोन कर," ती म्हणाली आणि परत वायरीपाशी जाऊन बसली.

बसमध्ये विचार करत होते, ताईला इतकं बारीकसारीक कसं माहीत? आई रोज फोनवर सगळं शब्दन् शब्द सांगत असणार. आईची स्मरणशक्ती दांडगी आहे हे मान्य करायला हवं.

१७ मार्च, मंगळवार

तालीम. खटका पडला, नऊ सेकंदांत सावली मुख्य झाली, काउंटरबाईंनी पिशवी राखली, माझ्या फोनवर घंटा वाजली. परत केलं, आठ सेकंद. परत केलं. काउंटरबाई म्हणाल्या, "आता पुरे," पण त्यांनी मला स्वतःच्या डब्यातलं अर्धं फळ दिलं. त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच.

आईला सांगितलं की तुझ्यामुळे झालं. ती लाजली आणि म्हणाली, "माझं काय त्यात." इतकी नम्र बाई मी पाहिली नाही.

१८ मार्च, बुधवार

सगळं तयार असताना मला धड बसवत का नाही? परवा जिंकले तर डॉक्टर सगळ्यांसमोर माझं कौतुक करतील. ते ऐकून घ्यायचं आणि घरी यायचं, इतकं सोपं आहे. हरले तर निदान कुणी कौतुक करणार नाही.

२० मार्च, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

साडेदहाला सगळे काउंटरपाशी जमले. मोठे डॉक्टर, काउंटरबाई, शिडीशिवाय फ्यूजकाका, आणि तीन-चार हॉस्पिटलांचे लोक. मधल्या टेबलावर फोन, स्पीकर चालू, पलीकडे ताई. तिसऱ्या जागेच्या जबाबदार व्यक्तीने चाचणीला हजर असायचं हाही डॉक्टरांचाच नियम.

डॉक्टरांनी काउंटरमागच्या पेटीतला माझ्या खोलीचा खटका स्वतः पाडला. मी म्हातारी बॅटरी काढून टाकली होती, म्हणजे बॅटरीवर चाललं असं कुणी म्हणायला नको. चक्र फिरायला लागलं. मी सेकंद मोजत होते. फोनमधून ताईचा आवाज आला, अगदी सपाट, "पहिल्याचा आवाज बंद. सावली मत मागतेय. दिलं."

चक्र थांबलं. काउंटरबाईंनी पिशवीचा क्रमांक घातला, नाव घातलं, कळ दाबली. पडद्यावर आलं, राखली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "अकरा सेकंद," ते म्हणाले आणि चक्क टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मला हसू आवरेना, रडूही आवरेना. फ्यूजकाका माझ्या पाठीवर थोपटत होते. नोंदवही आमचीच राहिली होती.

डॉक्टर खुशीत होते. फोनकडे बघून म्हणाले, "याला म्हणतात काळजी. तीन वर्षांपूर्वी कुणी एवढी काळजी घेतली असती तर आम्हाला चार दिवस फ्रिज उपसावे लागले नसते. काय हो, ऐकताय ना?"

त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना जे माहीत होतं त्यावर त्यांनी चेष्टा केली. दोन-तीन जण हसले. मी फोनजवळ सरकले.

मी म्हटलं, "डॉक्टर, तो बॅकअप तपासायची पाळी माझी होती."

"काय?"

"त्या सोमवारी पाळी माझी होती. मी न उघडता खूण केली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं यादी ताईकडे असते. ते खरं होतं, पण मी ते खोटं बोलण्यासाठी वापरलं."

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. फ्यूजकाकांचा हात पाठीवरून निघाला, मग परत टेकला. डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

मग ते फोनकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं?"

"पाळ्या मीच लावायचे, डॉक्टर," ताई म्हणाली. "कुणाची होती ते मला कसं माहीत नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"आई हॉस्पिटलात होती. घर हिच्या पगारावर चाललं होतं. मला दुसरीकडे काम मिळालं असतं, हिला लगेच मिळालं नसतं." मग ती म्हणाली, "आणि मला वाटलं, दोन-चार दिवसांत ही स्वतःच सांगेल."

काउंटरबाई पडद्याकडे बघत होत्या, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"वरची वीज लावा आता," ताई म्हणाली. "पहिलं मशीन उठून मधल्या सगळ्या नोंदी उतरवून घेईपर्यंत चाचणी संपलेली नाही."

मी पेटीकडे वळले. खटका वर केला आणि वर खोलीत पळाले. पहिलं मशीन उठलं, आता सावली होऊन, आणि पुढच्या चार मिनिटांत त्याने चुकलेल्या सगळ्या नोंदी घेतल्या. मी तिथेच जमिनीवर बसून त्या मोजल्या. सत्तावीस. एकही कमी नव्हती. खाली येऊन फोनवर सांगितलं, "ताई, सत्तावीसच्या सत्तावीस."

"माझ्याकडेही पंच दोघं जुळल्याचं दाखवतोय," ती म्हणाली. "आता संपली."

२३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी सकाळी बोलावलं. पत्रक टेबलावर नव्हतं. म्हणाले, नोंदवही तुमच्याकडेच राहील, शुक्रवारी चाचणी तुम्ही जिंकलात आणि त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. पण त्या वेळच्या खोट्याची दखल घ्यावी लागेल. मी म्हटलं, घ्यायलाच हवी. पुढचं वर्षभर माझ्या कामावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. कुणाची ते मी सुचवायचं. मी सुचवलं. त्यांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले, विचारून बघा, त्या तयार होतील का ते मला माहीत नाही.

तिथून फायलींच्या खोलीत गेले. कारकून जुने आहेत, चष्मा कपाळावर, कपाट उघडायच्या आधी कारण विचारतात. मी कारण सांगितलं. त्यांनी ताईची फाइल काढली. कामात निष्काळजीपणा, असा एक पानी कागद, खाली मोठ्या डॉक्टरांची सही. कागद अजून नवा करकरीत होता. डॉक्टरांची आजची चिठ्ठी मी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे हा यांच्या फायलीतून काढायचा?"

"हो. आणि माझ्या फायलीत लावायचा. नाव खोडून माझं घालायचं, ते मीच लिहिते."

त्यांनी पेन दिलं. मी ताईचं नाव एका रेघेने खोडलं आणि वर माझं लिहिलं. ताईच्या खोलीत बाण खोडताना आला होता तसाच उत्साह अंगात होता. कारकुनांनी दोन्ही फायली शेजारी मांडल्या आणि कागद हातात धरून थांबले.

"याची एक प्रत त्यांच्या फायलीत ठेवू का? नियमाने दोन्हीकडे असलेली बरी."

"नको," मी म्हटलं. "याची एकच असू दे."

त्यांनी माझी फाइल उघडली, कागदाला भोकं पाडली आणि सगळ्यात वर लावला.